पाच नंबरचा दिवा

बोलतोय मी, आठ पोर्टांचा स्वीच. भिंतीवरचा दिव्यापंख्याचा स्वीच नव्हे, तो गैरसमज आधीच मिटलेला बरा. चार-सहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे असले की प्रत्येकाची वायर ज्या डबीत आणून खुपसतात, ती डबी म्हणजे मी. अंगानं पत्र्याचा, रंगानं काळा, आकार जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढा. समोर आठ खाचा, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक पोर्टावर एक बारीक हिरवा दिवा. वायर नीट बसली की दिवा लागतो, निघाली की विझतो. इतका साधा माझा धंदा.

तरीही बेंबळीतल्या एका घरात माझ्या नावावर खोटं खपवलं गेलं. एकदा नव्हे, दोनदा. ते कुणी आणि कसं खपवलं हे सांगायला बसलोय. रागात सांगतोय, तेव्हा एखादा शब्द जड गेला तर सांभाळून घ्या.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती धाराशिवच्या एका कचेरीतली. तिथं कपाटावर, फायलींच्या गठ्ठ्यामागं मी सात वर्षं काढली. प्रिंटर अडला की लोक प्रिंटरला शिव्या द्यायचे, नेट अडलं की सरकारला. मला कुणी शिवीसुद्धा दिली नाही, इतका मी कुणाच्या खिजगणतीत नव्हतो. मग एके दिवशी चोवीस पोर्टांचा नवा स्वीच आला आणि मला काढून खुर्चीवर ठेवलं.

नवा स्वीच बसवायला आला होता सोमेश. पंचविशीतला, नेटवर्किंगचा कोर्स केलेला, हातात कायम पेचकस. त्यानं मला उचललं, उलटंपालटं करून बघितलं.

"साहेब, ह्यो जुना टाकून देणार का तुमी?"

"ने की. आमाला काय करायचाय," साहेब म्हणाले.

सोमेशनं खिशातल्या रुमालानं माझ्यावरची सात वर्षांची धूळ पुसली. पुसताना एक-एक पोर्ट फुंकून बघितला. खरं सांगतो, मला त्या माणसाचा तिथंच लळा लागला. पुढं त्यानं जे केलं ते माहीत असतं तर मी त्या खुर्चीवरच पडून राहिलो असतो.

बेंबळीला सोमेशच्या वडिलांचं, शिवानंद आप्पांचं, दुकान आहे. बियाणं, सरकीची पेंड, किराणा. दुकानाच्या माडीवर एक लांबट खोली, तिथं पेंडीची पोती रचलेली असायची. सोमेशनं पोती एका भिंतीला सारली, दोन टेबलं मांडली, त्याचा स्वतःचा एक आणि कुठं कुठं दुरुस्तीत जमवलेल्या तुकड्यांतून बांधलेला एक, असे दोन कॉम्प्युटर ठेवले. तिसरा होता समोरच्या घरातल्या राजशेखरचा. राजशेखरच्या घरची पिठाची गिरणी. त्याचा कॉम्प्युटर त्याच्याच घरात राहणार होता आणि वायर गल्ली ओलांडून खिडकीतून येणार होती.

"मोबाईलच्या नेटवर गेम खेळून जीव गेला," सोमेश म्हणाला. "आपण बंदूक रोखायची, अन् गोळी सुटंस्तोवर समोरचा घरी जाऊन जेवून येतोय. आता वायरच टाकू. बटण दाबलं की गोळी लागली पायजे."

त्याची धाकटी बहीण शिवप्रिया जमिनीवर मांडी घालून बसली होती. धाराशिवला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. घरात तिला पिऊ म्हणायचे. वायरच्या पोटात आठ रंगीत तारा असतात, त्या ठरल्या क्रमानं टोकाच्या प्लास्टिकच्या बोंडात, म्हणजे जॅकमध्ये, सारायच्या आणि क्रिंपर नावाच्या पकडीनं दाबायच्या, हे सोमेश तिला शिकवत होता. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ती पाढ्यासारखं म्हणत होती. तिनं स्वतःच्या वायरची दोन्ही टोकं स्वतः दाबली. दोन्ही जॅक जरा वाकडेच झाले आणि बाहेरचं निळं आवरण बोटभर जास्त सोललं गेलं.

वायर माझ्यात खुपसली तर दिवा लागेना.

"दादा, तुझा स्वीचच बिघडलाय वाटतं," ती म्हणाली.

सोमेश हसला. "दिवा लागला न्हाय तर आधी वायर बघायची, मग वायर बनवणाराला बघायचं. स्वीचवर सगळ्यात शेवटी जायचं." त्यानं जॅक उजेडात धरला. हिरवी आणि निळी तार आपापसांत बदलली होती. तो रागावला नाही. टोक कापलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "पुन्यांदा." दुसऱ्या खेपेला दिवा लागला. पाचव्या पोर्टावर. पाच नंबर तिनंच मागून घेतला होता. त्यांची आई भुवनेश्वरी चहा घेऊन वर आली होती, तिलाही बरं वाटलं. म्हणाली, "पाच बरा. पंचाक्षरीतला हाय, नमः शिवायची पाच अक्षरं."

ही भुवनेश्वरी, पोरं तिला अव्वा म्हणतात. गेम म्हणजे काय हे तिला कधीच कळलं नाही. पण वर कुणी हरलं की तिला आवाजावरून कळायचं आणि मग त्या दिवशी त्याला ताटात एक भाकरी जास्त पडायची.

राजशेखरची वायर गल्लीवरून आली तशी त्याच्या आईनं तिच्यावर दुसऱ्याच दिवशी टॉवेल वाळत घातला. राजशेखर खिडकीतून ओरडायचा, "आई, त्यावर कपडे टाकू नगंस, आमी मरतोय हिकडं." गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ह्या मरण्याची सवय व्हायला महिना लागला.

ते दिवस चांगले होते. खोटं कशाला बोलू. कॉलेजातून आली की शिवप्रिया वर यायची, सोमेश गावोगावचे कॉम्प्युटर दुरुस्त करून यायचा, राजशेखर गिरणी बंद करून बसायचा आणि तिघांचं सगळं बोलणं, सगळं पळणं, लपणं, मारणं माझ्या अंगातून जायचं. कचेरीत माझ्यातून नुसते अर्ज जायचे. इथं माणसं जात होती.

आणि माझ्यातून जात होतं म्हणूनच मला सगळ्यात आधी कळलं. सोमेश चांगला खेळायचा. पण पिऊ त्याच्याहून पुष्कळ चांगली खेळायची. सोमेश एका शत्रूवर दहा गोळ्या घालायचा, ती दोन घालायची आणि पुढं जायची. ती गप्प बसून वाट बघायची, आणि समोरचा जिथं येणार तिथं आधीच तिची बंदूक असायची. पहिले काही महिने सोमेश स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा, "आमची पिऊ बघा, लई भारी." नंतर नंतर सांगणं कमी झालं. नंतर तो हरला की हेडफोन टेबलावर जरा जोरात ठेवायला लागला. मी म्हटलं, होतं असं भावाबहिणीत.

गणपती झाल्यावर लातूरहून गौरीशंकरचा फोन आला. सोमेशबरोबर कोर्सला असलेला हा गौरीशंकर, त्याचा पाच जणांचा संघ होता. डिसेंबरात पुण्याला मोठी स्पर्धा होती आणि त्याचा एक गडी संघ सोडून गेला होता. एक जागा रिकामी. बेंबळीचे तिघं चांगले खेळतात हे त्याच्या कानावर होतं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो," तो म्हणाला. "वायरवरच खेळू, म्हणजे नेटचं निमित्त कुणाला नको. जो आवडंल त्याचं नाव त्याच दिवशी संध्याकाळी द्यायचं हाय मला."

राजशेखरला गिरणी सोडून जाता येणार नव्हतं. म्हणजे जागा एक आणि भावंडं दोन.

आप्पा त्या रात्री जेवताना बोलले ते पिऊनं वर येऊन राजशेखरला सांगितलं म्हणून मला कळलं. आप्पा म्हणाले होते, "ज्याला निवडतील त्यानं लातूरला जावं, मी आडवा येनार न्हाय. पिऊला निवडलं तरी माझा शब्द हाय. पर जो मागं राहील त्यानं दुकानात बसायचं, अन् ती माडीवरची खोली मला पोत्यांना मोकळी करून द्यायची." आप्पांचा शब्द गावात पक्का समजतात. पिऊ सांगताना हसत होती.

आता खंडेनवमीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच फिरलं.

नवरात्रातल्या नवव्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करतात हे तुम्हाला माहीत आहे. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं देवापुढं मांडायचं आणि त्या दिवशी वापरायचं नाही. भुवनेश्वरीनं दुकानातला तराजू मांडला, वजनं मांडली, पोती ओढायचा आकडा, तिची शिलाई मशीन. सोमेशनं आपलं क्रिंपर आणलं आणि म्हणाला, "अव्वा, ह्यालाबी घे." आणि मला तिच्यापुढं ठेवलं.

"ह्याचं तोंड कुठलं रे?" तिनं विचारलं.

"दिवे हायत तिकडं तोंड."

त्यांच्या घरात आधी विभूती, मग हळदकुंकू. तिनं विभूतीची वडी पाण्यात ओली केली आणि माझ्या कपाळावर, दिव्यांच्या वर, कोरड्या पत्र्यावर तीन बोटं ओढली. पोर्टांच्या आत कणभरसुद्धा काही गेलं नाही. गेलं असतं तर मला कळलं असतं, माझंच अंग आहे ते. दिवसभर मी देवापुढं बसून होतो. सात वर्षं कपाटावर काढलेल्याला हे केवढं वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा. मला वाटलं, आता मी ह्या घरचा झालो.

दसऱ्याला सगळी जणं सोनं द्यायला बाहेर गेली होती. सोमेश एकटा लवकर परतला, मला घेऊन माडीवर आला आणि एक-एक वायर पुन्हा जोडायला लागला. जॅकला वर प्लास्टिकची एक बारीक क्लिप असते. वायर आत गेली की ती टक् करून अडकते आणि मग ओढलं तरी सुटत नाही. पहिल्या पोर्टात टक् झालं, आठव्यात टक् झालं. पाचव्याची वायर हातात घेऊन तो जरा थांबला. जिन्याकडं बघितलं. मग अंगठ्याच्या नखानं त्यानं क्लिप मागं वाकवली, ती मोडली आणि तुकडा खिशात टाकला. जॅक माझ्यात अर्धवट सरकवला. दिवा लागला, पण टक् झालं नाही.

मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, चुकून मोडली असेल, उद्या सकाळी बदलेल. ह्यानंच तर मला उचलून आणलंय.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गौरीशंकर आला. बरोबर त्याच्या संघातला एक जण, दोघांचे लॅपटॉप. दोन आणि तीन नंबरच्या पोर्टात त्यांच्या वायरी बसल्या. ठरलं असं की आधी सोमेश आणि राजशेखर मिळून त्या दोघांशी खेळतील, मग पिऊ आणि राजशेखर. राजशेखर आपल्या घरी, त्याचा आवाज तेवढा खिडकीतून.

सोमेशचा डाव झाला. बरा खेळला, हरला. गौरीशंकर "ठीक हाय" म्हणाला.

पिऊ बसली. पहिल्या फेरीत तिनं दोघांनाही मारलं, आणि गौरीशंकरनं कानावरचा हेडफोन काढून तिच्याकडं वळून बघितलं. सोमेश माझ्या टेबलाला लागून स्टुलावर बसला होता. पाचव्या पोर्टाची वायर टेबलामागून खाली जमिनीवर उतरत होती. त्यानं चप्पल काढली.

दुसऱ्या फेरीत पिऊ कोपऱ्यात दबा धरून बसली होती, समोरून गौरीशंकर येत होता, आणि सोमेशच्या पायाच्या बोटानं वायर ओढली गेली. माझा पाचवा दिवा विझला. तिच्या पडद्यावरचा गडी जागच्या जागी थिजला आणि मेला.

"थांब थांब, बघतो म्या," म्हणत सोमेशच उठला. त्यानंच जॅक पुन्हा आत ढकलला.

तिसऱ्या फेरीत तेच. राजशेखर खिडकीतून ओरडला, "दुसऱ्या पोर्टात लावून बघा की." सोमेशनं तीच वायर सहाव्यात लावली. वायर तीच, क्लिप मोडकी तीच, पायही तोच. चौथ्या फेरीत सहावाही विझला.

मला तोंड असतं तर मी त्या खोलीत बोंब मारली असती. मी चालू होतो. माझे आठही पोर्ट धड होते, फक्त एकातली वायर तो ओढून काढत होता. माझ्या दिव्याकडं बघून तो पाय हलवत होता. माझाच दिवा त्याला खूण म्हणून उपयोगी पडला, ही गोष्ट मला आजही झोंबते.

"स्वीच गेला काय?" गौरीशंकरनं विचारलं.

सोमेश म्हणाला, "खंडेनवमीला अव्वानं विभूती लावली त्याला. पोर्टात गेली दिसतीय."

भुवनेश्वरी दारातच उभी होती. पाहुण्यांसाठी तिनं चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, त्या ताटल्या हातात. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग लेकीकडं.

पिऊनं हेडफोन खाली ठेवला आणि म्हणाली, "अव्वा, कशाला लावलीस गं?"

एवढंच म्हणाली. आवाजही चढवला नाही. पण भुवनेश्वरीनं ताटल्या पोत्यावर ठेवल्या आणि पदर तोंडाला लावून खाली गेली.

गौरीशंकर वाईट माणूस नव्हता. निघताना तो पिऊला म्हणाला, "ताई, हात चांगला हाय तुमचा. पर एक फेरी बघून मी बाकीच्यांना काय सांगू? नाव आजच द्यायचंय." नाव सोमेशचं गेलं.

संध्याकाळी सोमेशनं ती वायर हातात घेतली, मोडक्या क्लिपचं टोक कापलं आणि नवा जॅक दाबला. दोन मिनिटांचं काम. मग मला दुकानात नेऊन वरच्या फळीवर, रिकाम्या डब्यांमागं ठेवलं आणि आप्पांना म्हणाला, "बिघडलाय ह्यो. कुणी हात लावू नका." त्यानं मला एकदाही नीट बघितलं नाही.

तो लातूरला गेला. पुण्याच्या स्पर्धेत त्यांचा संघ दुसऱ्या दिवशीच बाहेर पडला म्हणे. तो काही परत आला नाही. लातूरलाच एका दुकानात कामाला लागला. माडी पोत्यांनी भरली आणि पिऊ कॉलेज करून दुकानात बसायला लागली. आप्पांचा शब्द तिनं पाळला, एका अक्षरानं कुरकुरली नाही.

फळीवरून मला सगळं दुकान दिसायचं. आधी रोज सकाळी दुकान उघडलं की भुवनेश्वरी यायची, तराजूला विभूती लावायची, वजनांना लावायची, मग गिऱ्हाईक. दसऱ्यानंतर ती यायची, तराजूपुढं उभी राहायची आणि तशीच परत जायची. आप्पांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुमीच लावा. माझा हात नगं."

"खुळी का काय तू?"

"माझ्या हातानं लेकीचं गेलं. देवाचं म्हणून लावलं अन् तिचंच वाटोळं केलं म्या."

पिऊ तेव्हा गल्ल्यावर होती. ती म्हणाली, "अव्वा, झालं ते झालं." पण ती "तुझी चूक न्हाय" असं म्हणाली नाही. कशी म्हणणार? तिलाही तसंच वाटत होतं. महाशिवरात्रीला घरच्या लिंगाला अभिषेक झाला, तेव्हाही भुवनेश्वरी मागंच बसली होती असं शेजारणी दुकानात बोलत होत्या. मी वर फळीवर बसून हे ऐकत होतो. आमच्या दोघांवर एकच आळ होता, तिच्यावर आणि माझ्यावर. ती रोज माझ्या खाली उभी राहायची आणि मला एक शब्द सांगता येत नव्हता.

मार्चात आप्पांनी दुकानात बिलासाठी कॉम्प्युटर घेतला आणि मागच्या गोदामात दुसरा. दोन्ही जोडायचे होते. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही, आप्पा जेवून पडलेले. पिऊ स्टुलावर चढली आणि मला खाली काढलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणाचा हात लागला. तिनं मला वीज दिली, वायर लावली. चौथा दिवा लागला. दुसरी वायर तिनं जरा थांबून पाचव्यात लावली.

लागला. मी जीव तोडून लावला.

ती बघत राहिली. मग सहाव्यात लावली, लागला. आठही पोर्टांत लावून बघितली. मग तिनं एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर मोठमोठ्या फायली पाठवायला सुरुवात केली, पाचव्या पोर्टातून, तासभर. दिवा एकदाही हलला नाही. मग ती माडीवर गेली आणि पोत्यांमागून आपली जुनी निळी वायर काढून घेऊन आली. दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरली. एक टोक तिचं होतं, वाकडं, बोटभर जास्त सोललेलं. दुसरं सरळ, नीटस, जागच्या जागी. सोमेशच्या हातचं. ती दोन्ही टोकं तिनं स्वतः केली होती हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि गल्ल्यावर ठेवला.

"दादा, माझ्या वायरचा एक जॅक तू कवा बदललास?"

"कुठली वायर?"

"पाच नंबरची."

पलीकडं हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सोमेश म्हणाला, "पिऊ, तू गेली असतीस. म्या काय केलं असतं मग? पोती मोजत बसलो असतो जन्मभर. ते सगळं म्या उभं केलं होतं गं, वायर न् वायर."

"अन् अव्वा?"

"ते तोंडातनं निघून गेलं. त्या टायमाला दुसरं काय सुचलंच न्हाय."

"पाच महिने झाले. ती तराजूला हात लावीना झालीय."

सोमेश रडत होता बहुतेक. "तिला सांगू नगंस. आप्पा मला उंबरा चढू द्यायचे न्हाईत. अन् अव्वाला तर... तिच्या लेकानं तिच्याच नावावर खपवलं, हे तिला सोसायचं न्हाय. पाया पडतो तुझ्या."

पिऊनं फोन बंद केला.

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. पाच महिन्यांनी माझ्यावरचा आळ निघाला होता, आणि भुवनेश्वरीवरचाही. मी दोन्ही दिवे लावून तयार बसलो. म्हटलं, आता ही अव्वाला हाक मारेल, माझ्यापुढं उभी करेल आणि म्हणेल, बघ.

तिनं हाक मारली, "अव्वा, जरा ये."

आणि आतून पावलं वाजली तशी तिनं माझी विजेची पिन ओढली. दोन्ही दिवे एकदम गेले.

भुवनेश्वरी हात पुसत आली.

"अव्वा, तपासला आज म्या ह्याला," पिऊ म्हणाली. "आतनं जळालेला हाय. कचेरीतनं आणला तवापासनंच. जुनाट माल होता, कवातरी जाणारच होता. तुझ्या विभूतीचा काय संबंध न्हाय त्यात."

"खरं सांगतीस?"

"तुझी आण."

भुवनेश्वरी पेंडीच्या पोत्यावर बसली. मग लेकीचा हात धरून म्हणाली, "पाच महिने झोप न्हाय गं मला नीट. तुला तोंड दाखवायची लाज वाटायची." पिऊ म्हणाली, "मलाच लाज वाटायला पायजे. म्या तुला सगळ्यांदेखत बोलले." दोघी रडल्या, मग दोघी हसल्या. मग भुवनेश्वरी उठली, आत गेली, विभूती घेऊन आली. तराजूला लावली, वजनांना लावली, नव्या कॉम्प्युटरला लावली, लेकीच्या कपाळाला लावली. मी गल्ल्यावर तिच्या कोपराशी होतो. मला नाही लावली. बिघडलेल्या वस्तूला कोण लावतं?

त्या बाईचा जीव हलका झाला हे मला दिसत होतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण पिऊला मी माफ केलं का, असं कुणी विचारलं तर नाही केलं. सोमेश बोलला तेव्हा त्याला निदान माझ्याकडं बघवत नव्हतं. ही माझे आठही दिवे डोळ्यांनी बघून बोलली. घर वाचवायला तिला एक खोटं पाहिजे होतं, आणि त्या घरात तक्रार न करणारा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी बानूबाई आली. ही बेंबळी, तेर, आजूबाजूच्या गावांतून भंगार गोळा करते. तिच्या हातगाडीवर दोन पोती असतात. पिऊनं मला तिच्या हातात दिलं. भुवनेश्वरी पायरीवर उभी होती.

बानूबाईनं मला कानाशी हलवून बघितलं. "चालू हाय का ताई ह्यो? चालू आसंल तर ह्या पोत्यात टाकते, धाराशिवला एक जण घेतोय, पुन्यांदा कुठंतरी लागंल. बंद आसंल तर फोडून तांबं काढायचं."

पिऊ आईकडं बघत होती. माझ्याकडं नाही.

"बंद हाय," ती म्हणाली.

आता मी बानूबाईच्या अंगणात आहे, बंद वस्तूंच्या ढिगात. माझ्या एका बाजूला फुटका मिक्सर, दुसऱ्या बाजूला एक इस्त्री. ती इस्त्री खरोखर जळालेली आहे, तिची काही हरकत नाही. बानूबाईचा हातोडा आठवड्यातून एकदा चालतो, ढीग पुरेसा झाला की. काल अर्धा ढीग संपला.

माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी इकडं आलात, तर येताना एखादी वायर आणा. मला घरी न्या असं म्हणत नाही, ते माझ्या नशिबात नाही. नुसती लावून बघा, भुवनेश्वरीला कळवू नका, सोमेशला नको, पिऊलाही नको. तुमचं तुम्ही बघा की मी चालू आहे. मग खुशाल बानूबाईला हातोडा घालू द्या.